साइडबोर्ड कुणी केला

किचनर, ४ ऑक्टोबर २००९

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही नुसतं 'हो हो' म्हणता, म्हणून पत्रच बरं. लेऑफ झाल्यापासून पुष्कर रोज कुठेतरी अप्लाय करतो आणि दुपारी बेसमेंटमध्ये दिवा न लावता बसून राहतो. माझं दुकान चालू आहे, तेवढंच.

जुन्या खुर्च्या विकायला आर्किटेक्टची डिग्री कशाला, असं तुम्ही चिडवलं होतंत. ऐका. पन्नास-साठ वर्षांपूर्वी डेन्मार्कहून सागवानी फर्निचर इकडे खूप आलं. त्यातलं काय कुणी डिझाइन केलं आणि कुणी घडवलं, हे मी ओळखते. दोन्ही माणसं बहुतेक वेगळी असतात. खुर्ची उलटी करून लाकडावर डागलेला शिक्का शोधायचा. तो नसला तर पायांचा उतार आणि खणांचे सांधे बघायचे.

शेजारच्या इंगरबाईंचे यजमान आक्सेल जूनमध्ये गेले. दोघंही मूळचे डॅनिश. त्यांच्या हॉलमध्ये एक साइडबोर्ड आहे, म्हणजे सरकत्या दारांचं लांब, बुटकं कपाट. आक्सेल कोपनहेगनच्या ज्या वर्कशॉपमध्ये सुतार होते, तिथेच इंगरबाईंचा भाऊ एस्बेन लोरुप डिझायनर होता. साइडबोर्डचं डिझाइन माझं, एस्बेनने त्यावर आपलं नाव घातलं, असं आक्सेल जन्मभर सांगत. त्यावरूनच हे दोघं देश सोडून आले आणि इंगरबाईंनी भावाशी कायमचं बोलणं टाकलं. आता त्या मला म्हणतात, तू यातली जाणकार आहेस, आक्सेलचं नाव लोकांपुढे आण. मी हो म्हटलं.

आणि गेल्या आठवड्यात टोरांटोच्या एका घरातून दुकानात छोटं कपाट आलं. दारांना तीच वळणदार कड, पाय तसेच बाहेर झुकलेले. खाली शिक्का एस्बेन लोरुपच्या नावाचा, साल १९५४. आक्सेल त्या वर्कशॉपमध्ये लागले ५७ साली, हे इंगरबाईंनीच सांगितलंय. म्हणजे डिझाइन आक्सेल येण्याआधीचं. बाबा, आता मी काय करू?

कानटोपी घालत जा. तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची
मिनू


नागपूर, २० ऑक्टोबर २००९

चि. सौ. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चारुदत्तने दिवाळीला घर रंगवायचा घाट घातला होता, पण तुझी आई गेल्यापासून मला हॉलचा रंग बदलवत नाही. तुझ्या भावाला तसं सांगितलं, तर तो रंगाचे डबे परत करून आला.

तुझ्या प्रश्नाबद्दल. आलापल्लीच्या जंगलात सागाचं खोड आतून पोकळ आहे का, हे आम्ही कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून ओळखायचो. पण झाड तोडायचं असेल तरच ठोकायचो. नाहीतर पोकळ झाडही वीस-वीस पावसाळे उभं राहतं. ऐंशीच्या घरातल्या बाईला तू काय देणार आहेस? झाकली मूठ राहू दे. शिक्का सापडला नाही म्हण.

मात्र तो भाऊ हयात आहे का, ते आधी बघ. असेल तर माझा सल्ला फिरवतो. मग खरं सांगायला एक दिवसही थांबू नकोस.

जावईबापूंना म्हणावं, जंगलखात्यात मीही दोनदा घरी बसलो होतो. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुझा
बाबा


किचनर, ६ नोव्हेंबर २००९

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा आलं. त्याआधीच मी सांगून बसले होते. इंगरबाईंनी मला चहाला बोलावून सरळ विचारलं, की हे आक्सेलचंच आहे ना? मला खोटं बोलता आलं नाही. त्या उठल्या, साइडबोर्डचं दार एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवलं आणि म्हणाल्या, आता तू घरी जा. मग आठवडाभर त्यांचा पडदा उघडला नाही. पुष्कर माझ्यावर चिडला. म्हणाला, आपल्याला काय करायचं होतं, तू शहाणपणा कशाला केलास?

रविवारी त्यांनीच दार वाजवलं. भावाचा नंबर शोधून दे म्हणाल्या. इंटरनेटवर शोधून मीच लावून दिला. फोन एस्बेनच्या मुलीने घेतला. एस्बेन २००६ मध्ये गेले. इंगरबाईंनी आपण कोण ते सांगितलं. मग ती मुलगी म्हणाली, की माझ्या वडिलांना बहीण होती हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही.

हे डॅनिशमधलं बोलणं इंगरबाईंनी मला नंतर इंग्रजीत सांगितलं, शांतपणे, पावसाची बातमी सांगावी तसं.

तुमचं पत्र पंधरा दिवस आधी यायला हवं होतं. रागावला असाल तरी लिहा.
तुमची
मिनू


नागपूर, २३ नोव्हेंबर २००९

चि. सौ. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

चारूने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. रागावलो नाही. त्या माउलीला एकटी जेवू देऊ नकोस. आपलं वरण-भात-तूप ने, चव कळली नाही तरी पोटात ऊब राहते. तू बरोबर केलंस की चूक, हे आत्ता उकरू नकोस.

तब्येतीला जप. आठवण काढत राहा.
तुझा
बाबा


किचनर, १७ जानेवारी २०१०

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

इंगरबाई गेल्या आठवड्यात लंडनला गेल्या. इथलं, ओंटारिओतलं लंडन. तिथे वृद्धाश्रमात खोली मिळाली. रात्रभर बर्फ पडलं होतं, पुष्करने पहाटे उठून त्यांचा ड्राइव्हवे फावड्याने साफ केला. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बाहेर पडला. त्यांनी सागाची एकही वस्तू बरोबर नेली नाही. साइडबोर्ड आमच्या दुकानात आलाय.

निघायच्या आदल्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, त्याच्यावरची चिठ्ठी माझ्यासमोर लिही. डिझायनरपुढे मी एस्बेन लोरुप लिहिलं. त्यांनी ते नाव दोनदा उच्चारलं. माझा उच्चार चुकतो, तो दुरुस्त केला. मग बनवणाऱ्याची ओळ आली. मी सांगितलं, की हे सांधे आक्सेलच्याच हातचे आहेत. तुमच्या स्वयंपाकघरातली पावाची पेटी त्यांनी केलेली ना, तिच्याशी ताडून पाहिलेत. डिझाइन त्यांचं नव्हतं, पण घडवला त्यांनीच. एखादी गोष्ट महिनोन्महिने तासली की माणसाला ती आपलीच वाटू लागत असेल.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, ती ओळ रिकामी ठेव. मी म्हटलं, पण हे खरं आहे. तर म्हणाल्या, असेल. माझ्या घरात अख्खा जन्म आक्सेलचंच नाव होतं.

त्या गेल्यावर मी पेन हातात घेतलं होतं, बाबा. लिहिलं नाही.

काल मिल्टनचं एक तरुण जोडपं साइडबोर्ड घेऊन गेलं. नवीन घर आहे त्यांचं. त्यातली मुलगी खण उघडून सांध्यांवरून बोट फिरवत राहिली. असं काम आता कुठे बघायला मिळतं, म्हणाली, आणि चिठ्ठीवरची रिकामी ओळ दाखवून कुणी केलंय ते विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही.

चारूला खूप खूप माया. मला रागवायचं असलं तरी रागवा, पण लिहिणं थांबवू नका.
तुमची
मिनू