पंख वाळेपर्यंत

बाबा, आज सकाळपासून मी सोसायटीच्या ग्रुपवर भांडतेय, आणि तेही तुमच्यामुळे. कंपाउंडलगत रुई उगवलीये, तिच्यावर अळ्या झाल्यात. अध्यक्ष म्हणतात, "मॅडम, भिंतीवर चढायला लागल्यात, फवारून टाकू." तर मी लिहिलं, "त्या रुईशिवाय काही खात नाहीत. कोषासाठी जागा शोधताहेत, जरा थांबा." पाठवल्यावर वाचलं आणि कपाळाला हात लावला. शब्दन् शब्द तुमचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची भांडणं माझ्याच गळ्यात.

सातपूरच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून यायचात, ते चहाही न घेता घरामागच्या रुईपाशी उकिडवे बसायचात. शनिवारी मारुतीच्या हारासाठी कुणी पानं तोडायला आलं की संपलंच. "हे नका घेऊ, खाली अंडं आहे." एकदा शेजारच्या काकू भडकल्या, "अहो, देवाला वाहायचीत, भाजी नाही करायची!" तुम्ही आपले शांतपणे एकेक पान उलटून बघताय. आई दार लावून आत गेली. लाज आम्हालाच वाटायची. तुम्हाला कधी वाटली नाही.

पण तो रविवार काही मी विसरत नाही. मला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी गवत काढणारे येऊन गेले, म्हणून तुम्ही कोष लटकलेली एक फांदी वाचवून आणलीत आणि बैठकीतल्या खिडकीच्या गजाला बांधलीत. मुलाची आई नेमकी त्या खिडकीखाली बसली. मी पोहे घेऊन आले आणि तेव्हाच कोष फाटला. चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू बाहेर येऊन रिकाम्या सालीला धरून लोंबकळू लागलं. तुम्ही उठून पंखा बंद केलात. मे महिन्यात!

"लाइट गेली का?" मुलाच्या आईने पदराने वारा घेत विचारलं.

"नाही, पंख वाळेपर्यंत थांबू. वाऱ्याने खाली पडलं तर वाकडेच राहतील."

तेवढ्यात त्यांच्या मोतिया साडीवर तांबूस थेंब पडले. "अगं बाई, रक्त!" माफी मागायची सोडून तुम्ही समजावत बसलात, "रक्त नाही हो, कोषात साठलेला मळ तो. बाहेर आलं की टाकतंच." मळ! पोहे तसेच राहिले आणि पुढच्या आठवड्यात नकार आला. आई कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही. तुम्ही मात्र मला म्हणालात, "जाऊ दे. नाहीतरी तुला कुठे पसंत होता!"

अध्यक्षांनी फवारणी पुढे ढकललीये, तेवढं कळवते. बाकीचं तुमच्यापर्यंत पोहोचवायची सोय असती, तरी मी हे पाठवलं नसतं. तुम्ही जिवाला लावून घेतलं असतं. मला तो मुलगा आवडला होता, बाबा. सगळे घाम पुसत होते, तेव्हा तो एकटा पुढे झुकून ते पंख उलगडताना बघत होता. तुम्हाला ते दिसलं नाही. तुम्हीही तिकडेच बघत होतात.