टेकोडे चालतील का?

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि परवा बेला गावात, भोंदू औषधांविरुद्धच्या सभेत, मी पुन्हा तुमचीच गोष्ट सांगितली. केमोनंतर तुमच्या पोटात काही ठरत नव्हतं. मळमळ, जुलाब, पाणीसुद्धा कडू लागायचं. मामांनी हैदराबादहून औषधी अळिंबीच्या कॅप्सूल आणल्या. पोट सुधारतं, भूक लागते, असं डबीवर छापलेलं. रानातल्या अळिंबीला आपल्याकडे टेकोडेच म्हणतात, म्हणून घरात त्या झाल्या टेकोड्याच्या गोळ्या. मी डबी मामांच्या हातात परत ठेवली. "छापलं म्हणजे सिद्ध झालं का? केमोच्या औषधांसोबत हे पोटात काय करेल, कोण सांगणार?" मामा म्हणाले, "वकील काऊन नाई झाली वं तू?" तुम्हीही हसलात. सभेत इथे टाळ्या पडतात.

पुढचं मी कधी सांगत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात भिंत धरून उभे आहात. आई कांदा परतते आहे. तुम्ही मला विचारता, "टेकोडे चालतील का वं, बाई?" आणि मी पेटते. भोंदूगिरी, आजाऱ्याच्या भीतीवर चालणारा धंदा, शिकलेल्या माणसांचा भोळेपणा, काही सोडत नाही. शेवटी म्हणते, "डॉक्टरांना विचारलंय मी. नाही म्हणाले." शाळेच्या स्टेजवर मला पहिल्यांदा उभं करणारे तुम्ही, "बरं" म्हणालात आणि खाटेवर जाऊन पडलात. त्या दिवशी पेजही घेतली नाही.

तुम्ही गेल्यावर आई बोलली. "गोळ्या कुठं मांगत होते ते? बाजारातून टेकोडे आनले होते मी, त्याचीच भाजी करून राह्यली होती. किती महिन्यानं त्याईले कायी खावंसं वाटलं होतं. तू एवढी बोलली, मंग मी ते गाईपुढं टाकले."

कॅप्सूलबद्दलचं माझं मत आजही तेच आहे, आणि मी ते बोलत राहणार. रानातले टेकोडे त्या पोटाला सोसले असते का, मला माहीत नाही. डॉक्टर कदाचित नाहीच म्हणाले असते. पण त्यांना मी काहीच विचारलं नव्हतं, बाबा. ना गोळ्यांचं, ना भाजीचं. आईला हे अजून सांगितलेलं नाही, आणि हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही.