खंडेनवमीचं मशीन

त्र्यंबकदादा,

नमस्कार लिहायला आज हात धजत नाही.

आईचा टाइपरायटर तुझ्या डोंबिवलीच्या घरातून मी उचलून आणला, तेव्हा तू म्हणालास, "सांभाळ हं, वीस वर्षं जपलाय." काय जपलंस रे? दर खंडेनवमीला हळद-कुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा, पाणी शिंपडायचं आणि परत वर्षभर माळ्यावर टाकायचं! कल्याणच्या मेकॅनिकने, कुंडलिककाकांनी, झाकण उघडलं आणि म्हणाले, "ताई, गंज कमी आहे, कुंकूच जास्त." अक्षरांच्या काड्या एकमेकींना चिकटलेल्या. तीन महिने दर रविवारी त्यांच्याकडे बसून मी जुन्या टूथब्रशने एकेक काडी घासली.

ठाण्याला कोर्टाबाहेर बसून, याच मशीनवर लोकांचे अर्ज टाइप करून आईने आपल्याला वाढवलं. आता ती माझ्याकडे आहे, आणि तू फोनवर म्हणतोस, "आईला नमस्कार सांग." तिच्याशी दोन शब्द बोलत नाहीस, नमस्कार सांगतोस!

काल मशीन तिच्यापुढे ठेवलं. तिने एकेक कळ दाबत एक ओळ टाइप केली. मला वाटलं, माझ्यासाठी असेल. वाचलं तर, "नवमीच्या आधी हे त्र्यंबककडे पोचव. त्याची पूजा चुकायला नको."

ही ओळ तुला मिळू नये, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. आणि तरी सकाळपासून मशीन बांधायला खोकं शोधतेय.

तुझी, नखांतलं कुंकू अजून न निघालेली,
हेमा