मुठीवरचं कुंकू

२३ सप्टें., मंगळ.
‘ते रापा’ उपनगरातून घरी. प्लँटमध्ये दिवसभर उभा, पाय भरून आलेत. नेमबाजी क्लबातल्या म्हाताऱ्या रॉनचा फोन. पुढच्या महिनाअखेर तो वृद्धाश्रमात जाणार. त्याचं रिव्हॉल्व्हर तिथे नेता येत नाही. क्लबातल्या कुणी घेतलं नाही तर पोलिसांत जमा, म्हणजे कापून भंगार. डीलरला जुनं नको.
"तू घेतोस का, मेट?"
मला नेम धरायला शिकवलं ते यानेच, याच रिव्हॉल्व्हरवर. विचार करतो म्हणालो.

२६ सप्टें., शुक्र.
डीलरकडे सेकंडहँड टू-टू, म्हणजे पॉइंट बावीस बोरचं पिस्तूल पाहिलं. हलकं, धक्का नाही, गोळ्या स्वस्त. दर आठवड्याला सराव परवडेल. रॉनच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या महाग. महिन्यातून एकदा बार काढायचे, एरवी पुसत बसायचं. शिवाय मनगट आखडतं.
ओव्हरटाइमचे साठलेत ते एकाचेच पैसे. सुमन म्हणाली, "अहो, खेळायला घेताय की पुजायला?"
गार्गी फोनमधून मान वर न काढता, "बाबा, जस्ट गेट बोथ." पोरीला सगळंच सोपं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
माझे वडील, अण्णा, पोलिसांत जमादार होते. या दिवशी ठाण्यात शस्त्रं पाटावर मांडत. त्यांच्या रिव्हॉल्व्हरला झेंडूचं फूल मी वाहायचो. हात लावायचा नाही, फक्त फूल.
सकाळच्या पूजेतलं कुंकू पुडीत बांधून क्लबात नेलं. रॉनचं रिव्हॉल्व्हर टेबलावर, रिकामं. त्याला न विचारताच बोट ओलं करून मुठीला कुंकू लावलं. लाकडावरच्या बारीक खाचांत उतरलं. पुसायला गेलो तर आणखी पसरलं. रेंज सांभाळणारा भडकला, "दुसऱ्याच्या गनला हे काय फासलंस?" मान वर होईना.
रॉनने ते उजेडात धरलं. "लिपस्टिक दिसतेय. मार्गरेट असती तर मला घराबाहेर काढलं असतं."
सगळे हसले. मीही.

५ ऑक्टो., रवि.
क्लबात दोन्ही चालवून पाहिली. क्लबच्या टू-टूचे नेम वाटीएवढ्या जागेत. रिव्हॉल्व्हरचे कागदभर. जवळचा चष्मा लावला तर लक्ष्य पुसट, काढला तर नळीच्या टोकावरची माशी पुसट. पन्नाशी आली.
रॉन म्हणाला, "टू-टू घे. मी तेच घेतलं असतं." हे म्हणताना तो माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होता.
रिव्हॉल्व्हर त्याने घरून साफ करून आणलेलं. नळीत एक डाग नाही, तेलाचा वास. मुठीवर कुंकू तसंच.
"एवढं पुसायचं राहिलं," मी म्हणालो.
"राहिलं नाही."

८ ऑक्टो., बुध.
अंगात कणकण. तरी कामावर गेलो. डीलर उद्यापर्यंत थांबणार. पोलिसांकडे परवानगी मागतानाच कोणतं ते सांगावं लागतं, नंतर बदल म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.
देवापुढे बसलो. असलं देवाला काय विचारायचं? नुसता बसलो.
डोकं टू-टूच म्हणतं. त्यात चूक काहीच नाही.
सुमन भाकऱ्या करता करता, "घ्यायचं नसेल तर नका घेऊ. पण त्या म्हाताऱ्याला तुमच्या तोंडून कळू दे. डीलरकडून नको."
खरं आहे. जेवण झालं की फोन करतो. मार्गरेट गेल्यापासून तो लवकर जेवतो, फोनपाशीच बसलेला असेल. "रॉन, मी बोलतोय" इथपर्यंत जुळवलंय. पुढचं, टू-टू घेतोय हे, त्याचा आवाज ऐकल्यावर.