निळी झालेली नावं

मुलुंड, रविवार

प्रिय ऋतिका,

डिस्कवर जागा कशी वाचवायची याचं तू पाठवलेलं टिपण मिळालं. ह्रस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या, पण रीत बरोबर होती. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग कॉम्प्रेसवर खूण. फाइल आहे तिथेच राहते, नेहमीसारखी उघडते, फक्त जागा कमी घेते, असंही तू लिहिलं होतंस. पण मुद्रितशोधकाची खोड! मी टिपण शुद्धलेखनासाठी वाचलं, अर्थासाठी नाही.

सोसायटीच्या पुनर्विकासाचे कागद स्कॅन करून ठेवायचे होते आणि डिस्क गच्च भरलेली. सगळ्यात मोठा फोल्डर तुझ्या आईचा. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर नलिनीने पुढेमागे होणाऱ्या नातवंडासाठी नऊ मालवणी पाळणे गाऊन रेकॉर्ड करून ठेवले. मध्ये खोकला आला की पुन्हा पहिल्यापासून. राहू दे गं, म्हटलं तर माझ्यावरच खेकसली. बाळ झाल्यावरच ऋतिकाला द्यायचे, असं बजावून गेली, म्हणून मी तुला कधी पाठवले नाहीत. गेली दोन वर्षं सकाळचा चहा उकळेपर्यंत मी त्यातला एक ऐकायचो.

फोल्डर कॉम्प्रेस केला आणि फाइलींची नावं निळी झाली. घाटकोपरच्या आमच्या छापखान्यात निळ्या पेन्सिलीची खूण म्हणजे मजकूर गाळा. मला वाटलं, गाणी आत दाबून ठेवली गेली आणि ही वरची टरफलं काढायची राहिली. नऊच्या नऊ डिलीट केली. रीसायकल बिनही रिकामी केली, अर्धवट काम मला खपत नाही ना! मग डिस्कवर सोसायटीचे कागद भरले. दुसऱ्या दिवशी चहा उतू गेला तरी मी पाळणे शोधत होतो. नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या चैतन्यने तीन दिवस खटपट केली. काका, त्याच जागेवर दुसरं लिहिलं गेलंय, वाट लागली, म्हणाला.

आठवतील ते शब्द मी वहीत उतरवलेत. सहावा अर्धाच आठवतो, आणि चाल मला येत नाही. फोनवर तीनदा सांगायला गेलो, पण बाळ लाथा मारतंय म्हणून तू हसत होतीस. फार वाईट केलं मी, पोरी. राग धर, अबोला धर, पण बाळंतपणाला इथेच ये. उंबरठ्यात पाऊल टाकताच तू म्हणशील, बाबा, आईचा आवाज लावा ना. तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून आधीच लिहिलं.

तुझाच,
बाबा