खराब झालेला दाखला

ती. आईस, लांबूनच पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, खोकला जवळजवळ गेलाय. तुझा गुडघा काय म्हणतो?

बाबांच्या कपाटातले ते खराब दाखले तू रद्दीत घालणार म्हणतेस. बाबांच्या माघारी ते डोळ्यांसमोर नकोत, हे मला कळतं. पण घालू नकोस गं! तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली, तरी कवितेसाठी तिथला एक कोरा कागद घ्यायला त्यांचा हात धजला नाही. लिहिताना चुकलेले दाखले तेवढे घरी आणायचे आणि त्यांच्या पाठीवर कविता लिहायचे. गावातल्या संमेलनात ते तन्मय होऊन वाचायचे आणि समोरच्यांना कुणाचा तरी नापासाचा शेरा दिसायचा. किती हसायचो आपण!

एक सांगायचं राहिलं. निघताना त्यातला एक मी न विचारता उचलला. तो माझाच दाखला आहे. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात बाबा सगळ्यांना डोळे मिटून 'शिक्षण पूर्ण' लिहायचे. माझ्या दाखल्यावर लिहिलंय, 'आता ही लांब जाणार.' मग खोडलंय. मला नवा, नीटनेटका दाखला दिला, त्यावर 'शिक्षण पूर्ण'.

त्या दाखल्याची पाठ कोरीच आहे. रोज कामावर जाताना उलटून बघते.

बाकीचे जपून ठेव. मी येईपर्यंत तरी.

लांब गेलेली,
तुझी लेक