भाऊचं भिन्नमत

४ ऑगस्ट ८६
दिल्लीहून भाऊचा ट्रंककॉल. संस्कृत पाठशाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता खासदार. धरणग्रस्तांच्या विधेयकावरच्या प्रवर समितीत आहे. जमिनीच्या बदल्यात जमीन नाही, रोख घ्या आणि उठा, असं सरकारचं म्हणणं. सरकार त्याच्याच पक्षाचं. "शास्त्र्या, मी भिन्नमत लिहून दिलंय! अहवालाला जोडून छापलंय. प्रत पाठवतो." एखादा श्लोक टाकलास का, विचारलं. त्याने शिवी दिली.

११ ऑगस्ट
बातमीसाठी इगतपुरी. छत्री उलटी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात. साळूबाईंची दोन एकर भातखाचरं धरणात जाणार. गुरुवारी त्या चाळीसेक बाया घेऊन भाऊच्या नाशकातल्या घरापुढे धरणं धरणार होत्या. भाऊचं भिन्नमत वाचून दाखवलं.
"म्हंजी भाऊसाहेब आमच्या बाजूनं मत देनार?"
"लेखी दिलंय त्याने. देणारच."
धरणं रद्द. वर मला चहा.

१८ ऑगस्ट
पुन्हा भाऊ. पक्षाचा व्हिप निघालाय, खाली तीन रेघा मारलेला. हजर राहायचं, सरकारला मत द्यायचं. मोडला तर पक्षांतरबंदीच्या नव्या कायद्याने खासदारकीच जाते.
"आजारी पड."
"पडलो होतो. प्रतोदांनी डॉक्टरसकट गाडी पाठवली."
(प्रतोद म्हणजे चाबूक. आमच्या पाठशाळेत तो बैलांपुरता होता.)
"आणि भिन्नमत?"
"अरे, ते समितीपुरतं. समितीत बोलायचं, सभागृहात बटण दाबायचं. एवढी वर्षं बातमीदारी केलीस, तुला माहीत नव्हतं?"
माहीत होतं, बहुधा. साळूबाईंसमोर आठवलं नाही. की आठवायचं नव्हतं...

२० ऑगस्ट
विधेयक मंजूर. भाऊ 'होय'मध्ये. बातमी चार ओळींत उरकली. संपादक म्हणाले, समितीत त्यांनी झुंज दिली, तेही घाला. घातलं. खोटं नाही, हीच पंचाईत.

२३ ऑगस्ट
सकाळी भाऊ, आता नाशकातून: "उद्या इगतपुरीत माझा सत्कार आहे. धरणग्रस्तांसाठी झगडलो म्हणून. दोन शब्द तू बोल." हसला नाही. मीही नाही.
दुपारी साळूबाई कचेरीत. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.
"दादा, कागद खोटा व्हता?"
"खरा होता."
"सही?"
"त्याचीच."
व्हिप म्हणजे काय ते समजावलं. मन लावून ऐकलं त्यांनी. बातमीदाराला इतका चांगला श्रोता क्वचित मिळतो.
"त्यांची खासदारकी जानार व्हती, म्हनून आमची जिमीन गेली. आसंच ना?"
"असंच."
"आमी दारात बसलो आस्तो तर?"
सांगता येत नाही, म्हणालो. खरंच येत नाही.
"मंग उद्या सत्काराला या तुमी. माईकवर त्यो कागद वाचा, त्यांच्या म्होरं. सगळा."
मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.
दारापर्यंत जाऊन वळल्या. "का दादा, तुमालाबी कुनाचा व्हिप हाय?"

सत्काराची बातमी पहिल्या पानावर हवी, असा संपादकांचा निरोप आहे. गाडी सकाळी सव्वासातची.